पाचव्या प्रश्नाची कॉपी

मी लहान मुलांच्या हृदयरोग विभागात काम करते असं सांगितलं की समोरच्याचा चेहराच उतरतो. "बाई गं! कसं करता हो तुम्ही हे?" आणि मग दोन मिनिटं माझ्याकडे सहानुभूतीनं बघणं. मीही तेवढा वेळ चेहरा गंभीर ठेवते. लगेच हसले तर बरं दिसत नाही ना!

पण खरं सांगते, आमच्याकडे किस्से इतके साठतात की विचारू नका. फाइली तरी वर्षअखेरीस गठ्ठे बांधून रेकॉर्ड रूमला जातात. किस्से कुठं पाठवायचे? म्हणून मग तावडीत सापडेल त्याला मी ते सांगत सुटते. आज तुम्ही सापडलात.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काही बाळं जन्मतःच हृदयात दोष घेऊन येतात. कुणाच्या हृदयाला भोक असतं, कुणाची रक्ताची वाट अरुंद असते. ऑपरेशन आमचे सर करतात आणि झकास करतात. पण निदान झालं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, असं प्रत्येक वेळी होत नाही. बाळाचं वजन वाढावं लागतं, तारीख मिळावी लागते. तोवर बाळ घरी. कधी करमाडला, कधी पडेगावला, कधी बजाजनगरच्या दहा बाय बाराच्या खोलीत. त्या दिवसांत बाळाला काही झालं तर तिथं सर नसतात, मी नसते, मशीन नसतं. तिथं आई असते. त्या आईला तयार करायचं, हे माझं काम. नर्सिंगमधली पंचवीस वर्षं झाल्यावर माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि खडू दिला.

त्यात माझे वडील झेडपीच्या शाळेत हेडमास्तर. त्यामुळे शिकवलं की परीक्षा घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. या सवयीनं पुढं काय काय झालं, ते सांगतेच.

*

वर्ग दर मंगळवारी. शिकवायला माझ्याकडे दोन वस्तू. एक प्लास्टिकचं हृदय, त्याचे कप्पे उघडून दाखवता येतात. आणि एक कापडी बाहुला. हृदय महाग, बाहुला गुलमंडीच्या बाजारातून आणलेला. हृदयाकडे आजवर एकाही बाईनं धड बघितलेलं नाही. बाहुल्याचं मात्र पहिल्याच महिन्यात पिंट्या असं नाव पडलं!

पिंट्याला कसं धरायचं, डोकं वर ठेवून दूध कसं पाजायचं, सगळं त्याच्यावरच शिकवते. बारशाला दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा बायकांच्या हातातून फिरतो, तसा पिंट्या वर्गात फिरतो. आणि फिरून परत आला की त्याच्या अंगावर काहीतरी वाढलेलं असतं. आधी डोळ्यात काजळ आलं. मग गालाला तीट. मग मनगटात काळे मणी, डोक्याला विणलेलं टोपडं.

एकदा सरांनी बाहेरगावचे एक मोठे डॉक्टर आमचा वर्ग दाखवायला आणले. "मातांना आम्ही पूर्णपणे शास्त्रीय पद्धतीनं शिकवतो," सर सांगत होते. पाहुण्यांनी कौतुकानं पिंट्याला उचललं. त्याच्या गळ्यात लिंबू-मिरची!

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी शकीलाआपांकडे बघितलं. शकीलाआपा आमच्या वॉर्डातल्या आयाबाई, माझ्याहूनही जुन्या. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि शांतपणे म्हणाल्या, "कायकू देख रे साब? इत्ते बरस में पिंटू कू एक बार बी बुखार आया क्या?"

पाहुणे म्हणाले, "हा मुद्दा आहे."

*

वर्गात मी एक गोष्ट घोकून घेते. ओठ बघा, नखं बघा. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की पहिल्यांदा तिथं निळेपणा दिसतो. "नखं खोटं बोलत नाहीत," हे माझं आवडतं वाक्य. टाळ्या मिळाव्यात अशा थाटात मी ते म्हणते.

बजाजनगरची एक मुलगी होती, प्रणाली. तेवीस वर्षांची असेल. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. वहीत समासबिमास आखून टिपणं काढायची. तिची लेक पाच महिन्यांची. एकदा तपासणीला आली तर बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजतात त्या मशीनवर आकडाच येईना. चिमटा बदलला, मशीन बदललं. शेवटी बाळाच्या झबल्याची लांब बाही मागं सारून हात नीट बघितले, तर दहाच्या दहा नखांना लालभडक नेलपॉलिश!

मी तापलेच. "प्रणाली, मी काय शिकवलं होतं? नखं बघायची म्हणून! आणि तूच रंगवून ठेवलीस?"

ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलं ना, नखावरून लगेच कळतं म्हणून. रविवारी नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. त्यांना कळायला नको, असं घरचे म्हणाले."

म्हणजे धडा पक्का समजला होता! इतका पक्का, की तो लपवायचा कसा, हेही तिनं त्यातूनच शोधून काढलं होतं. मला खरंच रडू यायला लागलं. शकीलाआपा कुठूनशी रिमूव्हरची बाटली घेऊन आल्या आणि कापसानं एकेक नख पुसत बसल्या. लालच्या खाली निळं निघत होतं. त्यानंतर मी 'नखं खोटं बोलत नाहीत' हे वाक्य म्हणायचं सोडून दिलं.

*

एक आजोबा नातीला घेऊन यायचे. सून आणि मुलगा दोघंही वाळूजला कंपनीत, त्यामुळे वर्गाला आजोबाच. पांढरं धोतर, टोपी, बायकांच्या घोळक्यात अगदी पहिल्या रांगेत मांडी घालून. बायका आधी लाजायच्या, नंतर त्यांच्याकडेच पोरं सांभाळायला देऊन पाणी प्यायला जायला लागल्या.

एका मंगळवारी मी दातांवर आले. दात किडले तर त्यातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जातात, दोष असलेल्या हृदयाला त्याचा धोका जास्त, म्हणून रोज दात घासा, असं सांगितलं.

आजोबा उठून उभे राहिले. "बाई, आम्ही काळीज दाखवायला आलो. तुम्ही दात मोजायला लागल्या. उद्या डोळ्याच्या दवाखान्यात गेलो तर गुडघं तपासतील का?"

सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले, पण आतून चिडले. पुढच्या मंगळवारी सूड घ्यायचा म्हणून सगळ्यांसमोर विचारलं, "काय आजोबा? घरी कोण कोण दात घासतं आता?"

"मी घासतो की! सकाळ-संध्याकाळ. पोरीच्या म्होरं बसून. मिसरी बी सोडली."

"वा! दाखवा बघू."

आजोबांनी तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता.

"पोरगी बघून शिकती ना," ते म्हणाले.

*

काही बाळांना रडण्याचाच धोका असतो. रडता रडता ती एकदम निळी पडतात. म्हणून आम्ही सांगतो, ऑपरेशन होईपर्यंत फार वेळ रडू देऊ नका, पटकन शांत करा. हे एक वाक्य मात्र सगळ्या महाराष्ट्राला न शिकवता पाठ होतं.

अशा एका मुलाचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. वर्षभरानं त्याचे वडील एकटेच आले. हातात फाइल, चेहऱ्यावर काळजी.

"काय झालं? त्रास होतोय का त्याला?"

"त्याला नाय हो मॅडम. आमाला! अकरा माणसांचं घर हाय. आजी त्याला रडूच देत नाय. मोबाइल पाहिजे, दिला. सायकल पाहिजे, आणली. काल म्हणतो, मामाची म्हैस आपल्या घरी आणून बांधा. नाय म्हणलं तर ओठ काढतो. आजी म्हणती, आणा म्हैस, पोरगं निळं पडंल!"

"अहो, पण आता भीती नाही. तेवढं रडू द्या की."

"हे मी सांगून कुणी ऐकत नाय. मला लेखी द्या."

मी लेटरहेड काढलं. सगळ्या नोकरीत एवढं मन लावून मी काही लिहिलं नसेल. 'सदर बालकाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली असून यापुढे त्यास रडण्यास आमची हरकत नाही.' खाली सरांची सही, गोल शिक्का.

सरांनी सही करताना वाचलं, पेन थांबवलं आणि विचारलं, "म्हशीचं काय झालं?"

म्हैस आधीच बांधली होती!

*

आता परीक्षेची गोष्ट. बायका वर्गात माना डोलावतात आणि घरी जाऊन नेमकं उलटं करतात, असं दोनदा झालं. मग माझ्यातले हेडमास्तर जागे झाले. सरांना म्हटलं, घरी सोडण्याआधी प्रत्येक आईची तोंडी परीक्षा घेऊ. पाच प्रश्न. पाचही यायलाच पाहिजेत. सरांना कल्पना एवढी आवडली की त्यांनी स्वतः प्रश्न काढले.

पहिला, बाळाच्या हृदयाला काय झालंय? दुसरा, रोज काय बघायचं? तिसरा, दूध पाजताना काय सांभाळायचं? चौथा, बाळ एकदम निळं पडलं तर काय करायचं? याचं उत्तर असं की घाबरायचं नाही, बाळाला छातीशी घ्यायचं, त्याचे दोन्ही गुडघे दुमडून त्याच्या छातीला लावून धरायचे आणि शांत करायचं. तोंडात पाणीबिणी काही घालायचं नाही. आणि पाचवा, मग बाळ पुन्हा गुलाबी झालं, चांगलं दिसायला लागलं तर?

या पाचव्यावर विकेट पडायच्या! "मंग घरीच ठेवायचं की. बरं झालं ना ते!" असं दहापैकी आठ जणी सांगायच्या. आणि उत्तर बरोबर उलटं आहे. चांगलं दिसलं तरी लगेच निघायचं. एकशेआठ नाहीतर मिळेल ती गाडी, पण थेट दवाखाना. कारण असा झटका पुन्हा येतो आणि पुढचा कसा येईल ते कुणी सांगू शकत नाही.

आता परीक्षा म्हटली की आपल्याकडे दुसरी गोष्ट आपोआप येते. एक जण तळहातावर मेंदीनं उत्तरं काढून आली. नक्षीच्या मधोमध 'गुडघे'! एकीनं पदराच्या आतल्या बाजूला पेननं लिहून आणलं. परीक्षा चालू असताना खिडकीबाहेरून एका बाईची जाऊ हातवारे करून गुडघे दुमडून दाखवत होती, तिचा तोल जाऊन ती कुंडीत बसली.

आणि मग पेपर फुटला. पडेगावच्या एका बाईनं पाचही प्रश्न आणि पाचही उत्तरं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर टाकली. शेवटी म्हणते, "सिस्टर चष्म्याच्या वरून बघत्यात, भिऊ नका. चावत नाय त्या."

सर संतापले. "पेपर फुटलाय! आपण दुसरा सेट काढू."

मी म्हटलं, "सर, दुसऱ्या सेटमध्ये निळ्या बाळाचं काय करायचं? पाय लांब करायचे?"

त्याच आठवड्यात ओपीडीत एक नवीच बाई आली. वर्गाला कधी आलेली नाही, दवाखान्याची पायरी पहिल्यांदा चढलेली. बाळ तपासता तपासता मी सहज विचारलं, तर घडाघडा पाचही उत्तरं! पाचव्यासकट!

"कुठं शिकलात हो?"

"मावसबहिणीनं धाडलं होतं. तिच्या पोराला काय नाय झालेलं. पण क्लिप लई भारी हाय म्हणून सगळ्यांला धाडती ती."

मी आणि सरांनी एकमेकांकडे बघितलं. सेट बदलायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. वर्गात मी इतकी वर्षं घसा फोडत होते. मला आधी सुचायला हवं होतं, की आपल्या लोकांना शिकवायचं असेल तर नुसतं शिकवू नये, पेपर फोडावा!

*

पेपर फुटूनही तीनदा नापास झालेली एकच बाई मला भेटली. वनिता. करमाडची. वय एकवीस, नवरा शेंद्र्याला कंपनीत, मुलगा श्रेयस आठ महिन्यांचा. त्याला तोच आजार, रडता रडता निळा पडायचा. ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं, तूर्त मायलेक आमच्याच वॉर्डात होते.

वनिता बोलायचीच नाही. विचारलं की आधी दाराकडे बघायची. दारात तिची सासू, कौसाबाई. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर सुपारीची पिशवी. आमच्या वर्गाला त्या 'शाळा' म्हणायच्या. "झाली का शाळा? सुटली का?"

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं वनितानं हळू आवाजात पण बरोबर सांगितली. पाचवा विचारला. बाळ पुन्हा चांगलं दिसायला लागलं तर?

"आत्याबाईला इचारीन."

त्यांच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मी समजावलं, इथं विचारायचं नाही, निघायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा. चार बरोबर. पाचवा?

"आत्याबाईला इचारीन."

तिसऱ्या दिवशी मी तिला आधी उत्तरच सांगितलं, मग प्रश्न विचारला. तरी तेच! मी कपाळावर हात मारला. "अगं, क्लिप ऐकतेस ना? सराव करतेस ना?"

"करते की. रात्री आत्याबाई घरी गेल्या की फोनवर सांगते, त्या ऐकत्यात. तिकडं वरवंटा दुपट्यात गुंडाळून बसत्यात आन माझ्यासंगं म्हणत्यात. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून."

"मग पाचवा का येत नाही?"

वनितानं पुन्हा दाराकडे बघितलं. त्या दिवशी दारात कुणी नव्हतं. "पाचव्याला त्या मला थांबवत्यात. म्हणत्यात, ते माझं मी बघीन. तुला काय करायचंय?"

प्लास्टिकचं हृदय उघडून दाखवता येतं. हे कुठून उघडायचं? मी कौसाबाईंना बोलावून नीट सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, चार लेकरं वाढवली म्या. कवा निघायचं, कवा नाय, हे मला कळतं."

श्रेयसची तब्येत स्थिर होती, दुसऱ्या बाळासाठी पलंग हवा होता. सरांनी नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं आणि श्रेयसला घरी सोडलं. पण मला म्हणाले, "हिला एटीकेटी. पुढच्या मंगळवारी पाचव्या प्रश्नाला परत बोलवा."

*

मंगळवारी वनिता आली. एकटीच.

"श्रेयस कुठंय?"

"घरी. आत्याबाई म्हणल्या, परीक्षेला जाताना कुणी लेकरू नेतं का? उन्हाचं कशाला?"

परीक्षा हा शब्द माझाच होता. मी स्टूल पुढं सरकवलं, फॉर्म घेतला. शकीलाआपा कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालत होत्या. वनितानं दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळहात वर करून. कोरे होते. पहिला प्रश्न झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. चौथा तिनं पिंट्याला छातीशी धरून, गुडघे दुमडून करून दाखवला. पहिल्यांदाच दाराकडे न बघता.

आणि तिचा फोन वाजला.

"परीक्षेत फोन बंद ठेवायचा असतो," मी म्हटलं. होय, म्हटलं मी असं! हेडमास्तरांची मुलगी ना.

तिनं स्क्रीन बघितली. "आत्याबाई हायत."

"घे."

जुना फोन, आवाज मोठा. कौसाबाईंचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.

"वनिता, पोरगं निळं पडलं व्हतं गं. रडता रडता. ओठ जांभळासारखे झाले. म्या काय पानीबिनी पाजलं नाय. छातीशी घेतलं, गुडघं मुडपून लावलं. अंग सैल पडलं व्हतं त्याचं. म्या सोडलं नाय. चौथं बरोबर केलं म्या."

वनिताच्या हातातून पिंट्या खाली पडला. शकीलाआपांच्या हातातली चादर तशीच राहिली.

"आता गुलाबी झालाय. बघतोय माझ्याकडं." आणि मग कौसाबाई थांबल्या. "वनिता, पाचवं काय हाय गं?"

माझ्या तोंडातून उत्तर निघणारच होतं. वनितानं हात वर करून मला थांबवलं. मला!

"आत्याबाई, एकशेआठला लावा. लगेच येत नसली तर शेजारच्या बापूचा टेम्पो काढाया सांगा. निघा."

"अगं, पण आता चांगला दिसतोय की तो."

"चांगला दिसू द्या. निघा."

"तुझ्या नवऱ्याला इचारून..."

"कुणाला बी इचारू नका. मी सांगते ना. निघा आत्याबाई."

पलीकडून उत्तर येईपर्यंत मी काय काय नवस बोलले ते सांगत नाही, शास्त्रीय पद्धतीत बसणार नाही.

"बरं," कौसाबाई म्हणाल्या.

अँब्युलन्स आली तेव्हा आम्ही सगळे दारातच उभे होतो. कौसाबाई उतरल्या, कुंकू घामानं नाकापर्यंत उतरलेलं, पायात चप्पल नाही. श्रेयस छातीशी, गुडघे अजून तसेच दुमडून धरलेले. वाटेत शेंद्र्याच्या पुढं त्याला दुसरा झटका आला होता. अँब्युलन्समधल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, आणि तेवढ्यानं निभावलं. सर बाळाला हातात घ्यायला पुढं आले, तर कौसाबाईंनी आधी वनिताकडे बघितलं. वनितानं मान हलवली, तेव्हा दिलं.

संध्याकाळपर्यंत श्रेयस स्थिर झाला. सरांनी ऑपरेशन पुढच्या महिन्यावरून याच आठवड्यात आणलं. वनिता आत बाळापाशी बसली होती. मी वर्गात येऊन खाली पडलेल्या पिंट्याला उचललं, टोपडं नीट केलं. टेबलावर वनिताचा फॉर्म तसाच पडला होता. पाचव्या चौकटीत बरोबरची खूण करायला मी पेन शोधत होते.

दारात कौसाबाई. आत आल्या, परीक्षेच्या स्टूलावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं.

"बाई, पहिली चार माझी म्या केली. पाचवं सुनंला इचारून केलं," त्या म्हणाल्या. "कॉपी धरता का?"